झाकण उघडणारा फोन

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मोबाइल दुरुस्त करणं आणि नव्या मुलांना ते काम शिकवणं हा माझा व्यवसाय. काउंटरवर फोन ठेवणारा माणूस आधी तीनच गोष्टी विचारतो: खर्च किती, कधी मिळेल, आणि फोटो जाणार नाहीत ना? चांगला कॅमेरा, लख्ख स्क्रीन, दिवसभर पुरणारी बॅटरी यांसाठी त्यानं पैसे मोजलेले असतात. तोच फोन, त्याच सोयींसह, आणखी चार वर्षं चालावा एवढीच त्याची मागणी असते. ती रास्त आहे आणि पुरवता येण्याजोगीही आहे, असं माझं ठाम मत आहे.

बिघडतं ते बहुतेक ठरलेलंच: डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक. बॅटरीचंच घ्या. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी झिजते, म्हणजे ती कधीतरी बदलावी लागणार हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरीही ती गोंदानं चिकटवलेलीच मिळते. मागची काच हीट गननं तापवायची, पातळ पट्टी सरकवायची, आतली फ्लेक्स केबल तुटू न देता काच उचलायची आणि मग बॅटरी सोडवायची. शिकाऊ मुलांना मी इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबवतो, कारण बॅटरी वाकली किंवा तिला टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. डिस्प्लेचं दुखणं वेगळं. काच, टच आणि पॅनल एकजीव असल्यानं नुसत्या काचेला तडा गेला तरी बहुतेकांना अख्खा कॉम्बो बदलावा लागतो. ओरिजिनल अॅमोलेडचा भाव ऐकून गिऱ्हाईक कॉपी मागतं. कॉपी साध्या एलसीडीची निघाली तर रंग फिके पडतात आणि डिस्प्लेखालचा फिंगरप्रिंट बंद होतो. ज्या सोयींसाठी फोन घेतला, त्याच दुरुस्तीत जातात.

‘गोंद हवाच, नाहीतर पाणी शिरेल’ हे उत्तर मी फार ऐकलंय. मग २०१४चा सॅमसंग गॅलेक्सी एस५ आठवून पाहा. मागचं झाकण नखानं उघडायचं, आतल्या बाजूला रबरी सील, बॅटरी हातानं निघायची, मेमरी कार्डाला जागा, हेडफोन जॅक, अगदी हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सरसुद्धा. आणि एवढं असून पाण्यापासून संरक्षणाचा आयपी६७ दर्जा. पुढच्याच वर्षी एस६ आला. पाठ काचेची झाली, बॅटरी आत बंद झाली, कार्डाची जागा गेली आणि आयपी६७सुद्धा गेलं! फोन सीलबंद केला तो देखणेपणासाठी, पाण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या टोकाला अॅमस्टरडॅमची फेअरफोन कंपनी आहे. त्यांच्या २०२३च्या फेअरफोन ५ची बॅटरी हातानं निघते, डिस्प्ले आणि कॅमेरे साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं बदलतात. किमान आठ वर्षं सॉफ्टवेअरचा आधार देता यावा म्हणून त्यांनी औद्योगिक उपकरणांसाठीची, दीर्घकाळ आधार मिळणारी क्वालकॉमची चिप निवडली. या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बाजारात आला तेव्हा सुमारे ७०० युरोंत कॅमेरा आणि वेग बेताचाच मिळत होता. शिवाय २०२१च्या फेअरफोन ४पासून त्यांनीही हेडफोन जॅक काढला आणि त्याच वेळी वायरलेस इअरबड विकायला आणले. वर्षानुवर्षं एकच वायरचा हेडफोन जपणारे त्यांचे चाहते दुखावले, आणि ते योग्यच होतं. टिकाऊ फोन हवा म्हणणाऱ्या माणसानं सोयी का सोडाव्यात?

स्क्रू उघडले म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २०२१मध्ये आयफोन १३चा डिस्प्ले कंपनीबाहेर बदलला की फेस आयडी बंद पडत असे, कारण फोन नवा भाग ओळखायला नकार देई. बरीच टीका झाल्यावर अॅपलनं ते सैल केलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२४मध्ये असल्या सॉफ्टवेअरच्या कुलपांविरुद्ध कायदाच केला.

युरोपात जून २०२५पासून नवे नियम लागू झालेत. फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि खोक्यावर दुरुस्तीसुलभतेची ए ते ई श्रेणी हवी. पण त्या श्रेणीच्या गुणांत सुट्या भागांची किंमत धरलेली नाही. फ्रान्सच्या २०२१च्या दुरुस्तीसुलभता निर्देशांकात ती पाचांपैकी एक निकष होती. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल आलं, आणि २०२५मध्ये सरकारी समितीनं अशाच निर्देशांकाची शिफारस केली आहे. तो आखताना फ्रान्सकडे पाहावं. खोक्यावर एमआरपी छापतात, तिच्याखालीच ओरिजिनल डिस्प्ले आणि बॅटरीची किंमत छापावी, आणि त्या किमतीत ते भाग गल्लीतल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला मिळावेत.