हव्वेच्या माथी काय मारायचं?

चि. सोनू,



शब्बाथ शाळेतल्या त्या मुलीने तुला विचारलं, हव्वेमुळेच सगळं बिघडलं तर देवाने तिला केलंच कशाला? तू ‘पुढच्या रविवारी सांगते’ म्हणालीस ते फार बरं केलंस. असा प्रश्न घाईघाईने मिटवायचा नसतो. हेच मनात घेऊन किती मुली बाकावर गप्प बसत असतील, या विचाराने तुझं पत्र वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

माझं सांगणं एवढंच, की उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय मुलांबरोबर सलग वाच. आपण गोष्ट फळापासून सुरू करतो, बागेतून घालवून देण्यापाशी संपवतो आणि मधलं बरंच गाळतो. त्या मुलीचं उत्तर नेमकं त्या गाळलेल्यात आहे.

पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचं निर्माण करतो, आणि त्याच दमात सांगितलंय की नर व नारी अशी ती निर्माण केली. आशीर्वाद दोघांना, पृथ्वीचा कारभारही दोघांच्या हाती. बाबेलच्या जुन्या सृष्टिकथेत, एनूमा एलिशमध्ये, माणूस घडतो तो मारलेल्या एका देवाच्या रक्तातून, आणि तोही देवांचे कष्ट उपसायला. त्या मुलखात देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजाचा. उत्पत्तीने तो मान सगळ्यांना दिला, बाईलाही, आणि फळाचं नावही निघण्याआधी दिला. ख्रिस्ती नीतीचा पाया मला इथे दिसतो.

दुसऱ्या अध्यायात एक बारकावा आहे, तो मुलांना शोधू दे. त्या झाडाचं फळ खाऊ नको ही आज्ञा आदामाला मिळाली तेव्हा हव्वा अजून निर्माणच झाली नव्हती. आता तिसऱ्या अध्यायाचं सहावं वचन काढ. ती फळ खाते आणि आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्यालाही देते. म्हणजे तो तिथेच होता! सर्पाशी ती निदान बोलते, देवाने काय सांगितलं ते त्याला ऐकवते. ज्याने आज्ञा स्वतःच्या कानांनी ऐकली होती तो मात्र अवाक्षर काढत नाही, हातात आलेलं खातो. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या वर्षांत सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं, त्यातलं हे चित्र मुलांना जरूर दाखव. हव्वा सर्पाच्या हातून फळ घेतेय, आणि आदाम स्वतःच झाडाकडे हात लांबवून उभा आहे. अर्थात त्याने सर्पाला बाईचं धड दिलंय, तेव्हा जुनी खोड तिथेही सुटलेली नाही.

पुढे देव हाक मारतो ती आदामाला. आदाम काय म्हणतो? तू मला जी बायको दिलीस तिने दिलं. एका वाक्यात बायकोलाही गोवलं आणि देवालाही. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. इथे तू थांब आणि मुलांना बोलू दे. घरात काचेचा ग्लास फुटला की काय होतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आपला वाटा आपण उचलायचा, ही या अध्यायाची शिकवण. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की हा अध्याय वाचणाऱ्यांनीच शतकानुशतकं आदामाचं ते वाक्य गिरवलं. तर्तुलियनसारख्या मोठ्या लेखकाने तर बाईला सैतानाचं दार म्हटलं.

आणखी एक. शाप हा शब्द तिथे सर्पासाठी आणि जमिनीसाठी आहे, आदाम-हव्वेसाठी नाही. नवरा बायकोवर सत्ता चालवील हेही फळ खाल्ल्यानंतर आलंय. आधीच्या दोन अध्यायांत त्याचा मागमूस नाही. मी ते आज्ञा म्हणून वाचत नाही, मोडतोडीचा हिशेब म्हणून वाचते. काट्याकुसळांबद्दलही त्याच जागी सांगितलंय, म्हणून आपण शेत खुरपायचं सोडलं का?

त्याच अध्यायात सांगितलेल्या बाळंतपणाच्या वेदनांनाही लोकांनी आज्ञाच मानलं. एडिनबरोच्या डॉ. जेम्स यंग सिम्प्सनने 1847 मध्ये बाळंतिणींना क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली, तेव्हा वेदना देवानेच ठरवल्यात असा आक्षेप आला. सिम्प्सनने पुस्तिका लिहून उत्तर दिलं, तेही उत्पत्तीतूनच. बरगडी काढण्याआधी देवाने आदामाला गाढ झोप दिली, याकडे त्याने लक्ष वेधलं. मला हा माणूस फार आवडतो. त्याने शास्त्र बाजूला सारलं नाही, नीट वाचलं.

पौलाबद्दल कुणी विचारलं तर टाळू नकोस. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात फसली ती स्त्री असं आहेच. पण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पाप जगात आलं ते एका माणसाच्या द्वारे, आणि तिथे नाव आदामाचं आहे, हव्वेचं नाही. दोन्ही वाचून दाखव. मुलांना अर्धं सांगू नये.

आणि पंडिता रमाबाईंचं सांग. टाकलेल्या बायका आणि विधवा मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, अख्खं बायबल तिने मराठीत आणलं आणि 1922 मध्ये गेली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच होत्या. हव्वेची गोष्ट एका बाईने मुळातून वाचली, मराठीत लिहिली आणि मुलींच्या हातांनी ती छापली गेली, हे त्या मुलीला कळायलाच हवं.

वाचन तिसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनापर्यंत ने, पण एकविसाव्यावर सावकाश जा. बागेबाहेर घालवण्याआधी देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो. अंजिराची पानं त्यांनी स्वतः शिवली होती, ती पुरणारी नव्हती. आदामाला जास्त आणि हव्वेला कमी असा भेद तिथे नाही.

वाचायला त्याच मुलीला उभी कर. वर्ग झाला की ती काय म्हणाली ते मला कळव. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेव, म्हणजे तास मध्येच आटोपावा लागणार नाही.

तुझी,
मावशी