आमच्याकडे किल्ली एकच होती

आमच्या घरी एकाच वस्तूला दोन नावे आहेत. बाबा साताऱ्याचे, म्हणून 'किल्ली'. आई गिरगावातली, म्हणून 'चावी'. मुले 'कीज' म्हणून मोकळी होतात. नावे इतकी, पण गाडीची किल्ली मात्र एकच होती. दुसरी दोन वर्षांपूर्वी हरवली. "या महिन्यात नक्की करून घेऊ," असे आम्ही दर महिन्याला म्हणत होतो. घरात दोन संगणक अभियंते. ऑफिसात रोज बॅकअप घेणारे!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मराठीचा वर्ग सुटला. गाडीपाशी येऊन पाहतो तो किल्ली नाही. कोटाचे खिसे, दप्तरे, डबे, बाकांखाली, बर्फात, सगळीकडे शोधून झाले. घराची किल्लीही त्याच जुडग्यात होती. घरी आजी एकट्याच. उशीर होईल असे कळवायला फोन केला, तर उचलेनात. पाचव्यांदा केला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायचेही टाळले.

शेवटी वर्गातल्या एका कुटुंबाने आई आणि मुलांना घरी सोडले. बाबा किल्लीवाल्याची वाट पाहत थांबले. घराचे दार बंद, आत सामसूम. तेवढ्यात समोरच्या घराच्या खिडकीतून कोणीतरी हात हलवला. आजी तिथे ब्लँकेट पांघरून चहा पीत बसल्या होत्या! पाखरांना दाणे टाकायला शाल आणि सपाता घालून बाहेर पडल्या आणि मागे दार लागले. "साताऱ्याला आपण कडी घातल्याशिवाय दार लागत नाही गं. इथलं आपलं आपणच लागतं!" पंधरा मिनिटे त्या थंडीत उभ्या होत्या. समोरच्या बाईंनी पाहिले म्हणून बरे. सहा वर्षांत आम्ही त्यांना फक्त हात केला होता. नावसुद्धा ठाऊक नव्हते.

किल्लीवाल्याने गाडीच्या क्रमांकावरून नवी किल्ली कापली. मग त्यातल्या चिपची ओळख गाडीला करून दिली. १९९०च्या दशकापासून अशा किल्ल्या रुळल्या आहेत. नुसते दाते जुळून भागत नाही, चिपचा संकेत पटला तरच इंजिन चालू राहते. "एक किल्ली हातात असताना दुसरी करणे स्वस्त. एकही नसली की काम वाढते आणि बिलही," तो म्हणाला. बिल पाहून ते आम्हाला पटले.

मग तो घरी आला. आमचे दार उघडून त्याने पहिला प्रश्न विचारला, "घर घेतल्यावर कुलूप बदलले होते का?" नव्हते! म्हणजे आधीच्या मालकाने कोणाकोणाला किल्ल्या दिल्या होत्या, देव जाणे. नवे कुलूप घ्यायची गरज नसते, असे त्याने सांगितले. कुलपाच्या नळीत पाच-सहा बारीक खिळ्या असतात. योग्य किल्लीने त्या बरोबर एका रेषेत येतात आणि नळी फिरते. लायनस येल यांची ही युक्ती १८६० च्या दशकातली. खिळ्या बदलल्या की कुलूप तेच, किल्ली नवी.

त्याचे बाकीचे सल्ले असे. दाराचा अडसर चौकटीत निदान एक इंच आत जावा. चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू तीन इंची असावेत, म्हणजे ते आतल्या भक्कम लाकडात रुततात. जादा किल्ली पायपुसण्याखाली ठेवू नये, चोर आधी तिथेच बघतो. कुलूप अडखळले तर खाण्याचे तेल घालू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. ग्रॅफाइटची पूड घालावी. आणि किल्लीवाल्याला बोलावण्याआधी एकूण खर्च फोनवरच विचारावा.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर जुना जुडगा पार्किंगच्या कडेला सापडला. त्यातली घराची किल्ली आता कुठल्याच दाराला लागत नाही. नव्या किल्ल्यांपैकी एक समोरच्या बाईंकडे आहे. ती द्यायला गेलो तेव्हा आधी त्यांचे नाव विचारले. एक आजींच्या कमरेला होती. परत जाताना आम्ही मागितली, तर म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे." आम्हीही आग्रह केला नाही.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आईबाबांना दोन प्रश्न विचारा. दुसरी किल्ली कुठे आहे? आणि शेजारच्यांचे नाव काय?