इंजिन श्रावणात बंद पडतं, बिघडतं उन्हाळ्यात

सोयाबीन फुलावर असताना पावसानं दोन दिवस उघाड दिली की वाशीमच्या लहान इंजिनांच्या दुकानांपुढे पाठीवरच्या फवारणी पंपांची रांग लागते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडून मोटारसायकलला बांधून आणलेले हे पंप. चक्रीभुंगा दिसलाय, उंटअळी पानं खातेय, आभाळ पुन्हा भरून येतंय आणि इंजिन काही घेत नाही. "भाऊ, दोरी ओढून ओढून खांदा गेला," हे वाक्य त्या दिवसांत मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत ऐकतो.

हीच इंजिनं दुरुस्त करणं माझा धंदा आहे. फवारणीचे पंप, गवत-तण आणि कुठे कुठे सोयाबीनही कापणारे ग्रास कटर आणि अधूनमधून एखाद्या संस्थेच्या हिरवळीवरचा लॉन मोव्हर. आकार वेगळे, गरजा त्याच: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, पुरेसा दाब आणि वेळेवर पडलेली ठिणगी. दाब सहसा वर्षानुवर्षं टिकतो. रोजची भानगड पेट्रोलची नाहीतर करंटची असते. ती दोनांपैकी कोणती, हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नये. कार्बोरेटर आधी उघडणं हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि त्यात चांगले कार्बोरेटर फुकट जातात.

म्हणून मी आधी विचारतो, बंद कसं पडलं? बटण दाबल्यासारखं एकदम पडलं असेल तर माझा संशय करंटवर जातो. मिसिंग करत, रेस कमी-जास्त होत हळूहळू विझलं असेल तर पेट्रोलवर. दहा-पंधरा मिनिटं छान चालून बंद पडत असेल आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. 'फस्स' आवाज येऊन इंजिन लगेच चालू झालं तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करूनही फरक पडला नाही, तर इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासावी. काही कॉईल तापल्यावर दगा देतात आणि गार झाल्या की पुन्हा शहाण्यासारख्या वागतात.

यानंतर प्लग काढायचा. चार-सहा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल वर येत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. एकतर ठिणगी नाही किंवा चोक लावून ओढत राहिल्यानं इंजिन ओव्हर झालंय. टोक तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक समजावी. काळी काजळी असेल तर एअर फिल्टर धुळीनं भरलाय किंवा चोक अडकलाय. पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. या इंजिनांच्या प्लगची गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. फिलर गेजनं ती मोजायला मिनिटही लागत नाही.

ठिणगी पाहताना प्लगचा धातूचा भाग सिलिंडरच्या पात्यांना टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ येत असते आणि ती पेटते. निळी, कडक ठिणगी हवी. अजिबात नसेल तर कॉईल बदलण्याआधी बंद करायच्या बटणाकडून येणारी वायर सोडवून पाहा. ती वायर कुठे सोलली आणि इंजिनाच्या अंगाला टेकली, तर बटण कायम दाबल्यासारखंच होतं. 'कॉईल गेली' म्हणून आलेली पुष्कळ इंजिनं मी नुसत्या इन्सुलेशन टेपनं सुरू करून दिली आहेत. वायर ठीक असेल तर फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवरचा गंज काढायचा आणि मॅग्नेट व कॉईल यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर अंतर ठेवायचं.

लॉन मोव्हरचं एक दुखणं वेगळं आहे. त्याचं पातं बहुधा थेट क्रँकवर बसलेलं असतं. ते दगडावर आपटलं की फ्लायव्हीलची छोटी चावी कातरली जाते. मग ठिणगी पडते, पेट्रोलही येतं, पण वेळ चुकते आणि दोरी उलटा झटका देते. अशा वेळी कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही.

आता पेट्रोल. कार्बोरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर ओढलं जातं. हे भोक मिलिमीटरहून लहान असतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ अंशांवर असताना, पत्र्याच्या खोलीत टांगलेल्या पंपातलं पेट्रोल आपले हलके अंश गमावतं आणि मागे गोंदासारखा चिकट थर राहतो. तो जेटमध्ये बसतो. डायफ्रामचा कार्बोरेटर असेल तर पातळ पडदा ताठरतो. ऑगस्टमधला बिघाड असा एप्रिल-मेमध्येच तयार झालेला असतो. जेटमध्ये सुई किंवा दाभण घालू नका. पितळेचं भोक मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं. कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी किंवा उघडझाप होणारी बाटली राहिली, की पाणी साठत जातं आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं आणि टाकीतला फिल्टर तळातून ओढतो. म्हणजे पिस्टनला वंगणच नाही. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं. कंपनीनं १:२५ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली टू-टी ऑईल, १:५० असेल तर २० मिली. अंदाजानं झाकणभर ओतू नये, आणि पाण्याच्या बाटलीत महिनोन्‌महिने ठेवलेलं पेट्रोल तर वापरूच नये.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं सांगतो, कारण इथे प्रश्न दुरुस्तीच्या खर्चापुरता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बंद पडणारा पंप माणसाला औषधाच्या वासात जास्त वेळ उभा ठेवतो. औषधानं माखलेल्या हातांनी तो प्लग काढतो आणि कित्येकदा पेट्रोलची नळी तोंडानं फुंकतो. नळी तोंडाला लावू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. शेतात दुरुस्ती करायचीच झाली तर आधी साबणानं हात धुवा आणि पंप फवारलेल्या तासांबाहेर न्या.

त्याहून चांगलं म्हणजे ती वेळच येऊ न देणं. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सोयाबीन घरात आलेलं असेल. ग्रास कटरचं वर्षाचं काम संपलंय, तो आताच आवरा. फवारणी पंप तूर आणि हरभऱ्याच्या घाटेअळीची फवारणी उरकल्यावर. टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. एअर फिल्टर धुऊन वाळवा. प्लगचा पाना आणि फिलर गेज घरात नसेल तर दोन्ही घेऊन ठेवा. एका फवारणीच्या मजुरीहून ते महाग नाहीत. एवढं केलंत तर पुढच्या श्रावणात उघाड पडलेली सकाळ तुम्ही माझ्या दुकानात न घालवता तुमच्या तासांत घालवाल, आणि माझीही तीच इच्छा आहे.