कोनाड्यातली चिमणी

साखरा या गावातील आमच्या आत्याचे माळवद गेल्या वैशाखात उतरवायचे ठरले, तेव्हा त्या घराचे एक शेवटचे चलच्चित्र करून ठेवावे अशी तीव्र इच्छा माझ्या मनात उत्पन्न झाली. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर आणि मधल्या खणाच्या छतात वीतभर झरोका, अशी त्या वास्तूची रचना होती. दुपारी बाराच्या सुमारास त्या झरोक्यातून उतरणारा कवडसा सारवलेल्या भुईवर पडे आणि त्याच्या तेजामुळे उरलेला खण अधिकच गडद भासे. त्या काळोखात, उत्तरेकडील भिंतीच्या कोनाड्यात, पत्र्याची एक जुनी चिमणी वर्षानुवर्षे ठेवलेली होती. बाहेरून आलेल्या माणसाला ती प्रथम मुळीच दिसत नसे. डोळे निवले की मग हळूहळू दिसू लागे.

लग्नकार्यांची छायाचित्रे काढून अल्बम करून देणे हा माझा एकोणीस वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे या खणाने मला पूर्वीही अनेकदा पेचात टाकले होते. कवडसा सांभाळावा तर कोनाडा बुडतो, आणि कोनाडा उजळावा तर कवडशाच्या जागी निव्वळ पांढरे ठिगळ उरते. या वेळी मात्र भाच्याच्या मोबाइलवर एचडीआर पद्धतीने चित्रण केले, आणि त्या तळहाताएवढ्या पडद्यावर कवडशातील धूलिकण व कोनाड्यातली चिमणी ही दोन्ही एकाच वेळी दिसली तेव्हा मी अक्षरशः स्तब्ध झालो. तेच चित्रण स्टुडिओतील संगणकावर लावले, तर सारे फिकट, निस्तेज. आठ वर्षांचा तो मॉनिटर बदलण्याची निकड होतीच. तेव्हा नवा घ्यायचा तो एचडीआरच घ्यावा काय, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला.

एचडीआर म्हणजे तेजाचा विस्तृत पल्ला. पडद्याचे तेज निट या परिमाणात मोजतात. एका चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण एका मेणबत्तीचा उजेड म्हणजे एक निट, असे स्थूलमानाने समजावे. जुन्या पद्धतीच्या चित्रांचे संस्करण 100 निटांचे शुभ्र गृहीत धरून होत आले. नव्या पद्धतीचे गणित 10,000 निटांपर्यंतचे तेज लिहून ठेवू शकते, आणि प्रत्येक मूळ रंगाच्या 256 पायऱ्यांऐवजी किमान 1,024 पायऱ्या देते. परंतु चित्रात लिहून ठेवणे ही एक गोष्ट आणि पडद्याने ते प्रत्यक्ष दाखवणे ही निराळी, हा भेद मला नांदेडच्या दुकानात गेल्यावर कळला.

पेन ड्राइव्हवर ते चित्रण घेऊन मी गेलो होतो. खोक्यावर ठळक अक्षरांत एचडीआर छापलेला, साध्याहून थोडाच महाग असलेला एक मॉनिटर मी आग्रहाने लावून घेतला, विंडोजमध्ये एचडीआर चालू करवले, आणि पाहतो तो कवडसा किंचित उजळ झालेला, पण कोनाडा राखाडी धुक्याने भरलेला! चिमणीचा मागमूस नव्हता. याचे कारण नंतर तपशील वाचताना उलगडले. आयपीएस प्रकारच्या अशा पडद्याच्या पाठीमागे सबंध फलकाला मिळून एकच प्रकाश असतो, आणि त्याचे शुभ्र व कृष्ण यांचे प्रमाण साधारण हजारास एक असे असते. म्हणजे शुभ्र 300 निटांवर नेले की कृष्णही आपोआप 0.3 निटांवर चढते. कवडशासाठी दिवा मोठा करावा तर तोच उजेड कोनाड्यातूनही पाझरतो. खोक्यावरील त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की हा जिन्नस एचडीआरचा संकेत स्वीकारतो. तो नीट दाखवण्याची हमी त्यात नाही.

या घोटाळ्यावर उपाय म्हणून वेसा या संस्थेने डिसेंबर 2017 मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाच्या श्रेणी ठरवल्या. परंतु त्यांतील 400 ही सर्वांत खालची श्रेणी मूळ नियमांप्रमाणे फलकाचा पाठप्रकाश भागाभागाने मंद करण्याची अटच घालत नव्हती, त्यामुळे त्या श्रेणीचा दाखला असलेल्या दुसऱ्या मॉनिटरवरही कोनाड्याची गत तीच झाली. केवळ त्या शिक्क्यासाठी कोणी एक रुपयाही अधिक मोजू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तरीही मनाचे समाधान होईना. म्हणून काही आठवड्यांनी हैदराबादेस जाणे झाले, तेव्हा तेथील एका मोठ्या दुकानात तोच पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. आमचा मुलुख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमदानीत होता आणि आजोबांना जमिनीच्या दरखास्ती घेऊन या शहराच्या वाऱ्या कराव्या लागल्या होत्या. त्यांच्या लेकीच्या घराचा उजेड घेऊन आपण येथे यावे, याचे मला मोठे अप्रूप वाटले. तेथे मिनी एलईडीचा, 1000 श्रेणीचा मॉनिटर होता. पाठप्रकाशाचे शेकडो स्वतंत्र खण, उजेड हवा तेथेच उजेड. कवडसा असा झळाळला की डोळे किलकिले करावे लागले, आणि कोनाड्यात चिमणीची आकृतीही उमटली. फक्त कवडशाच्या कडेने एक पुसट प्रभावलय रेंगाळत होते, कारण खण शेकडो असले तरी चित्राचे बिंदू लक्षावधी असतात. शेजारी ओएलईडी होता. त्यात प्रत्येक बिंदू स्वतःचा दिवा आणि स्वतःच विझणारा. कवडसा पहिल्याइतका प्रखर नव्हता, पण काळोख मात्र काळोखच होता, आणि त्या काळोखात चिमणी, तिची वात, तिच्या वर भिंतीवर बसलेली काजळी, सारे जेथल्या तेथे! एचडीआरचे खरे मोल प्रखरतेत नसून काळोख राखण्यात आहे, हे मला त्या क्षणी प्रतीत झाले.

किंमत ऐकून मी दुकानाबाहेर येऊन चहा घेत बसलो आणि शांतपणे हिशेब मांडला. माझ्या उत्पन्नाचा मुख्य भाग छापील अल्बमांचा आहे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. उत्तम चकचकीत कागदावरही शुभ्र आणि कृष्ण यांतील अंतर काहीशे पटींच्या पलीकडे जात नाही. पडद्यावर हजार निटांनी झळकणारा शालू कागदावर तसा कधीच उतरणार नाही, आणि यजमानाच्या पदरी निराशा येईल. दुसरे असे की संपादनाच्या पट्ट्या माझ्या पडद्यावर दिवसाचे दहा तास एकाच जागी स्थिर असतात, आणि अशा स्थिर आकृतींचा डाग ओएलईडीवर कालांतराने कायमचा उमटण्याचा संभव असतो. शिवाय स्टुडिओच्या दक्षिणेकडील खिडकीतून येणारा उजेड पडद्यावर परावर्तित झाला की विकत घेतलेला तो सारा काळोख वायाच जाणार. ज्याचे काम पडद्यासाठीच चित्रपट संस्कारित करण्याचे आहे, किंवा जो अंधाऱ्या खोलीत बसून चित्रपट व खेळ यांचा आस्वाद घेतो, त्याने जरूर घ्यावा. पण घ्यायचा तर या वरच्या प्रतीचा, नाहीतर मुळीच नको.

अखेरीस मी छपाईच्या लॅबला लागणारे, एसआरजीबी या प्रमाणित संचातील रंग पूर्णपणे आणि अचूक दाखवणारा साधा आयपीएस मॉनिटर घेतला, त्याचे तेज 100 निटांच्या आसपास स्थिर केले, आणि खिडकीला जाड पडदा शिवून लावला. त्या पडद्याने माझ्या कामात जेवढा फरक पडला तेवढा क्वचितच कशाने पडला असेल. माळवदाचे मूळ चित्रण मात्र, कोणतेही रूपांतर न करता, दोन वेगवेगळ्या डिस्कवर जतन केले आहे. कारण जो पल्ला एकदा उतरवून टाकला तो परत मिळवता येत नाही.

माळवद आता राहिलेले नाही. त्या जागी स्लॅबचे घर उभे आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी आत्या ओट्यावर बसली असता मी भाच्याचा मोबाइल तिच्या हाती दिला आणि चित्रण लावले. तिने कवडशाकडे फारसे लक्ष दिले नाही.

“चिमणी दिसायली का रं कोनाड्यातली?” तिने विचारले.

मी ओट्यावरचा दिवा मालवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिले, आणि मग कोनाड्याच्या वरच्या कडेवर बोट टेकवून म्हणाली, “काजळीबी आली की.”