स्वर वाचणाऱ्याने घालावा

जेरुसलेमच्या याफो रस्त्यावर हिब्रू पाट्या उजवीकडून डावीकडे वाचत चालावं. आलेफ, बेत, गिमेल, दालेत करत 22 अक्षरं डोळ्यांना सरावली की वाटतं, झालं, आता वाचता येईल. मग एका काचेवर तीन अक्षरं दिसतात : सामेख, पे, रेश. तिन्ही ओळखीची. पण म्हणायचं काय? सेफेर म्हटलं तर पुस्तक, सापार म्हटलं तर न्हावी, साफार म्हटलं तर ‘त्याने मोजलं’. आत खुर्ची, आरसा आणि कात्री, म्हणून हा सापार. पुढच्या गल्लीत शाळेच्या पाटीवर हीच तीन अक्षरं ‘घर’ या अर्थाच्या शब्दापाठोपाठ येतात आणि तिथे ती सेफेर होतात. लिहिणाऱ्याने एक टिंबही बदललेलं नसतं.

आपण देवनागरीत वाढलेली माणसं. आपल्या क मध्ये अ बसलेलाच असतो. तो काढायचा तर क चा पाय मोडावा लागतो. इथली सगळी अक्षरं पाय मोडलेलीच. आलेफला तर स्वतःचा म्हणावा असा आवाजच उरलेला नाही, त्याने फक्त स्वराला बसायला जागा द्यायची. स्वर वाचणाऱ्याने आणायचा, आणि तो आणता येतो भाषा आधी कानात असेल तरच. अरबी आणि तिच्या गोतावळ्यातल्या लिप्या सोडल्या, तर वाचणाऱ्यावर एवढा विश्वास टाकणारी लिपी मला माहीत नाही.

स्वरांच्या खुणा आहेत. त्यांना निकुद म्हणतात. अक्षराखाली आडवी रेघ असली की आ, एक टिंब असलं की इ, तीन टिंबांचा त्रिकोण असला की ए. बालवाडीची पुस्तकं, कविता आणि प्रार्थनापुस्तकं यांत त्या भेटतात. वर्तमानपत्रात आणि बसच्या पाटीवर नाहीत. आज वापरात असलेली निकुदाची पद्धत गालीलच्या सरोवराकाठी, तिबेरिया गावात घडली, सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान. तोवर हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली होती, पठणात तेवढी उरली होती. कानावरून कानावर आलेला पाठ बिघडू नये म्हणून तिथल्या विद्वानांनी अक्षरांच्या वर, खाली, पोटात टिंबं मांडली. मूळ अक्षराला मात्र त्यांनी धक्का लावला नाही. ही निष्ठा मला फार मोठी वाटते.

इस्रायल संग्रहालयात मडक्याच्या झाकणासारखा पांढरा घुमट आहे. मृत समुद्राकाठच्या गुहांत गुंडाळ्या मडक्यांत सापडल्या, म्हणून हा आकार. घुमटाखाली, गोल कट्ट्याभोवती, 1947 मध्ये कुमरानला मिळालेल्या, बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या गुंडाळीची प्रतिकृती उलगडून लावली आहे. मूळ गुंडाळी 7.34 मीटर लांब, चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. निकुदाचं एकही टिंब नाही. कुठे लेखनिकाकडून अक्षर सुटलं, तर ते त्याने ओळीच्या डोक्यावर चढवलं आहे. शाळेची सहल आली होती. एक मुलगी काचेवर बोट फिरवत मोठ्याने वाचू लागली, आणि शब्दामागून शब्द खरोखरच निघत गेले. मी थक्क होऊन उभा राहिलो. नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेख या गुंडाळीहून शंभरेक वर्षांनीच मोठा; पण ती लिपी आपण इतकी विसरलो होतो की 1837 मध्ये प्रिन्सेपला ती उलगडून दाखवावी लागली. इथे दहा वर्षांची मुलगी वाचते!

हे टिकलं ते लेखनिकांच्या काटेकोरपणामुळे. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीत एक अक्षर दुसऱ्याला चिकटलं, तरी दुरुस्तीपर्यंत ती पठणाला चालत नाही. दालेत आणि रेश यांत फरक एका कोपऱ्याचा : दालेतचा टोकदार, रेशचा गोल. ‘शेमा’ या प्रार्थनेच्या पहिल्या ओळीत देव एक आहे असं म्हटलं आहे. त्यातला ‘एक’ दालेतवर संपतो. तिथे रेश पडला तर ‘दुसरा’ होईल. म्हणून त्या जागी दालेत मुद्दाम मोठा काढतात. एवढ्याशा कोपऱ्यावर एका धर्माचा अख्खा भार!

डोळ्यांनी जे राखलं, ते जिभेने राखलं नाही. ताव एकच, पण तोच शनिवार कुणाच्या तोंडी शब्बात, तर पूर्व युरोपातून आलेल्या घराण्यांत शब्बोस. शहरी बोलण्यात आयिन आता आलेफसारखाच गप्प झाला आहे, खेत आणि काफ एकाच घशात मिसळले आहेत. महाने येहुदा बाजारात मसाल्याच्या पोत्यांमागे बसलेल्या एका येमेनी म्हाताऱ्याकडून मी खरा आयिन ऐकला, घशाच्या तळातून दाबून काढलेला. 1949-50 मध्ये विमानांतून आलेल्या येमेनी ज्यूंनी तो बरोबर आणला होता. त्यांच्या नातवंडांच्या बोलण्यात तो फारसा ऐकू येत नाही, याचं मला दुःख झालं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं याच्या उलट. ते शतकानुशतकं हिब्रू अक्षरांपासून तुटले होते, तरी ‘शेमा’ त्यांच्या तोंडात राहिली. अक्षरं नंतर परत आली. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. 1874 मध्ये पुण्याला हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली, हिब्रूशेजारी मराठी घालून. इस्रायलमध्ये येऊन राहिलेल्या अशाच एका बेने इस्रायली घरी, रामले गावात, गेलो. आजींनी चहाबरोबर माझी उजळणी घेतली. त्सादीपाशी मी थांबलो, तर त्या म्हणाल्या, “हे तुला शिकवायला नको, बाळ. चाक म्हण, चूल म्हण. तोच आवाज. आता रेश म्हण बघू. नाही, आपला र नको, तो जिभेच्या टोकावर येतो. मागून, घशातनं काढ. आमच्या मुलांना आला लगेच, मला मात्र वर्षं लागली.”