मवाळ पातं

पोलाद जितकं कठीण तितका चाकू अस्सल, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. चाकू दिसला की आधी त्याच्या कठीणपणाचा रॉकवेल आकडा विचारायचा. साठीच्या पुढे असला तर मान डोलवायची; पन्नाशीत घुटमळत असला तर तो मनातून उतरायचा.

सैबेरियातल्या याकुतियाचे चाकू मी याच मापानं मोडीत काढले होते. बर्चच्या लाकडाची मूठ, पात्याच्या एका अंगाला लांब खोबण आणि पोलाद मवाळ. तिथल्या लोहारांना नीट पाणी देता येत नसावं, असं मी धरून चाललो. ज्यांचं काम मी कधी पाहिलंही नाही, त्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो. त्याची आजही शरम वाटते.

या समजाला तडा गेला तो एका जहाजामुळे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ‘शेनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभ्याउभ्या मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलं. ना वादळ, ना टक्कर; फक्त थंडी. युद्धकाळातल्या अशा जहाजांचं कोडं केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी उलगडलं: ठरावीक तापमानाखाली तेच पोलाद वाकायचं सोडून तडकतं.

इथे मी बराच काळ अडकलो. गारठ्यात पोलादाचा कठीणपणा तर उलट किंचित वाढतो. मग मी ज्या आकड्यावर विसंबलो होतो, तो चिवटपणाबद्दल काय सांगत होता? थेट काहीच नाही. लोखंडातल्या अणूंची रचनाच अशी, की थंडीत त्यांचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. ताण पडला की धातू दबण्याआधीच चीर धावते. तांबं असं वागत नाही, पण तांब्याला धार टिकत नाही. चाकूच्या कडक पोलादात चिवटपणाची ही घसरण जहाजाच्या पत्र्याइतकी एकदम होत नाही. त्याच्यात चिवटपणा मुळातच थोडा, आणि थंडी त्यातूनही काढून घेते.

मग याकुतियाचा जानेवारी डोळ्यांपुढे आला. उणे ४० अंशांची हवा, आणि त्यात गोठलेला मासा चाकूनं पातळ तासून कच्चाच खाणारी माणसं. मवाळ पात्याची धार फार तर वळेल. दगडावर घासली की पुन्हा येईल. कठीण पात्याचा टवका उडाला तर त्या रानात ते कोण सांधणार? मी ज्याला उणीव म्हणत होतो, तो त्या लोहारांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा.

भाजीसाठी कठीण, पातळ पातं मला अजूनही आवडतं. फ्रीझरमधून काढलेल्या मटणाला मात्र ते लावत नाही. आणि कुणी चाकूचा आकडा सांगू लागलं, की तो कुठल्या हवेत वापरणार, हे आधी विचारतो.