विसण

मिश्रणाच्या प्रयोगांत उष्णतामानांतील फरक कसा काढावा, हें मी गेलीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों आहें. उष्णता निराळी आणि उष्णतामान निराळें, हें ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकनें १७६० च्या सुमारास दाखवून दिलें. तेंच मी दरवर्षीं फळ्यावर लिहितों. माझी स्वतःची कच्ची बाजू मात्र मला यंदाच्या दिवाळींत कळली, आणि तीही मोहाडीच्या आमच्या जुन्या न्हाणीघरांत.

आमच्या घरीं विसण घालण्याचा मान आईचा. भंडाऱ्याच्या पितळी घंगाळांत कढत पाणी ओतावें, रांजणांतलें गार पाणी घालीत बोटें बुडवून पाहावें, आणि नेमक्या क्षणीं हात थांबवावा. वडिलांना जरा कढत, आम्हां पोरांना कोमट. तिचा अंदाज चुकल्याचें मला आठवत नाहीं. पण गेल्या हिंवाळ्यांत तिचा पाय भाजला. वयोमानानें बोटांतली जाणीव मंदावली होती, आणि तें तिनें कोणाला कळूं दिलें नव्हतें.

म्हणून नरकचतुर्दशीच्या पहांटे मी थर्मामीटर घेऊन उभा राहिलों. कढत पाणी ८० अंशांचें, रांजणांतलें २५ अंशांचें. मला हवे होते ४०. विद्यार्थी येथेंच चुकतात. दोन्ही पाण्यांना एकच फरक लावून मोकळे होतात! शेवटचें उष्णतामान दोघांचें एक असलें, तरी सुरुवात ज्याची त्याची निराळी. कढत पाणी ४० अंश उतरावयाचें, गार पाणी १५ अंशच चढावयाचें. एकानें गमावलें तेंच दुसऱ्यानें मिळविलें. म्हणजे ३ लिटर कढत पाण्याला ८ लिटर विसण. मीं मोजून घातलें आणि ऐटींत पाहिलें, तों पारा साडेअडतिसांवर!

आई पाटावर बसून हें सारें पाहात होती.

"घंगाळ आधी ऊन करून घ्यायचं होतं नं," ती म्हणाली. "ते आपला वाटा घेतंच."

मी खजील झालों. पांच किलो पितळ, विशिष्ट उष्णता सुमारें ०.०९, म्हणजे जवळजवळ अर्ध्या लिटर पाण्याइतका वांटेकरी मीं हिशेबांतून गाळला होता. त्यानें अर्धा अंश घेतला. बाकीचा ओततांना हवेनें नेला. प्रयोगशाळेंतला कॅलरीमीटर म्हणजे तरी धाकटें घंगाळच. तो विसरल्याबद्दल मीं कितीजणांचे गुण कापले असतील!

अर्धा तांब्या कढत पाणी घालून मीं पारा चाळिसांवर आणला. "बघ, बरोबर चाळीस," मी म्हणालों. तिनें कांचेकडे पाहिलें नाहीं. संवयीनें बोटें पाण्यांत बुडविलीं, क्षणभर तशींच ठेवलीं, आणि माझ्या तोंडाकडे पाहून विचारलें, "बरं आहे नं रे?"

हा प्रश्न तिनें मला जन्मांत प्रथमच विचारला. मीं थर्मामीटर कोनाड्यांत ठेवला, कोपरापर्यंत हात पाण्यांत घातला आणि म्हणालों, "बरं आहे, आई."